अभ्यंग आणि अभ्यास

आपल्या भाषेत या दुखण्याला तीन नावे आहेत. खेड्यांत त्यास लकवा म्हणतात, पांढरपेशा घरांत अर्धांगवायू आणि वैद्यकाच्या ग्रंथांत पक्षाघात. पक्ष म्हणजे बाजू, तसाच पक्ष म्हणजे पंखही. एक पंख गळलेला पक्षी डोळ्यांपुढे उभा करणारा हा शब्द ज्याने प्रथम योजिला, त्याने रोगाचे बाह्य स्वरूप नेमके पाहिले होते यात शंका नाही. परंतु पंख गळलेल्या पक्ष्यास पुन्हा उडावयास शिकविता येईल काय, हा प्रश्न त्या शब्दात नाही. तो वैद्यकशास्त्रानेच मुळी फार उशिरा विचारला. तो इतक्या उशिरा का विचारला गेला आणि विचारल्यावर त्याचे कोणते उत्तर मिळाले, हे थोडक्यात सांगावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आम्ही वैद्य नव्हे; वाङ्मयाचे अध्यापक आहो. या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते घरच्या अनुभवामुळे. सन १९९१ मध्ये आमच्या तीर्थरूपांस, ते मुख्याध्यापकाच्या जागेवरून निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते तोच, एके दिवशी पहाटे अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली व वाचा गेली. ज्या हाताने त्यांनी तीस वर्षे फळ्यावर मोत्यांसारखे अक्षर काढले तो हात अंथरुणावर कोणी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडून राहिला. डॉक्टरांनी संपूर्ण विश्रांती सांगितली आणि आम्ही ती आज्ञा अक्षरशः पाळली. आमच्या मातोश्री घास भरवीत, आम्ही भावंडे पाण्याचे भांडे ओठांस लावीत असू, सकाळ-संध्याकाळ कोमट तेलाने अंग चोळले जाई, आणि उठवून बसविताना आम्ही त्याच लुळ्या हातास धरून त्यांना ओढीत असू. चार महिन्यांत तो हात कोपरात मुडपून छातीशी आला, बोटे मुठीत मिटली आणि खांद्याच्या वेदनेने त्यांस रात्री झोप येईनाशी झाली. तेव्हा जिल्ह्याच्या गावाहून व्यायामोपचार शिकलेल्या एक तरुण बाई आल्या. त्यांनी प्रथम विचारले, "हे दिवसभरात स्वतः काय काय करतात?" आम्ही त्यांच्यासाठी काय काय करतो ते उत्साहाने सांगितले. बाईंनी शांतपणे तोच प्रश्न पुन्हा विचारला. आम्हांपाशी उत्तर नव्हते.

त्या प्रश्नाचा इतिहास आम्ही पुढे अनेक वर्षे, सवड मिळेल तसा, वाचीत आलो.

प्राचीनांपासून आरंभ करू. ग्रीकांचा हिपॉक्राटीस याच्या नावावर जी सूत्रे आहेत त्यांत या रोगाविषयी एक निर्वाणीचा अभिप्राय आहे. झटका जबर असेल तर तो बरा होणे अशक्य आणि सौम्य असेल तरीही ते सोपे नाही, असा त्याचा आशय. आमच्याकडे सुश्रुताने निदानस्थानात आणि चरकाने चिकित्सास्थानात वातव्याधींमध्ये पक्षाघाताचा विचार केला आहे. चरकाने त्यावर स्वेदन आणि स्नेहयुक्त विरेचन सांगितले. तेल, शेक, रेचन, बस्ती यांनी कोपलेला वात शमवावा असा हा मार्ग आहे. त्याची थट्टा करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. लुळ्या अवयवाचे सांधे आखडू नयेत म्हणून ते दुसऱ्याने हळूहळू हालवीत राहावे, हे आजचे शास्त्रही सांगते. परंतु ग्रीक काय किंवा भारतीय काय, दोन्ही वैद्यकांत रोगी हा उपचारांचे आधिकरण आहे, कर्ता नाही. अभ्यंग दुसऱ्याने करावयाचा असतो. अभ्यास ज्याचा त्याने करावयाचा असतो. या दोन शब्दांमधील अंतर तोडण्यास मानवजातीस दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

रोगाचे स्थान प्रथम स्पष्टपणे दाखविले ते योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने. शाफहौझेन या गावी झटक्याने मेलेल्या माणसांची शवे फाडून त्याने मेंदूतील रक्तस्राव डोळ्यांनी पाहिला व १६५८ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मेंदूस रक्त नेणाऱ्या वाहिन्या फुटतात किंवा तुंबतात आणि त्यापुढील भाग रक्तावाचून मरतो, हे पुढे हळूहळू निश्चित झाले. कोप पावलेल्या दोषांच्या जागी एक निश्चित जखम आली. पण जखम दिसली म्हणून उपचार बदलला असे मात्र झाले नाही. जळवा, शिरावेध, त्वचेवर फोड आणणारी मलमे हाच क्रम पुढे दोनशे वर्षे चालू होता.

इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यास या संदर्भात डॉक्टर जॉन्सनची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १७८३ च्या जून महिन्यात, १७ तारखेच्या पहाटेपूर्वी, हा कोशकार अंथरुणावर उठून बसला तो डोक्यात काही विलक्षण गोंधळ झाल्याची जाणीव होऊन. देहाचे काही होवो, बुद्धी तेवढी शाबूत राहो, अशी त्याने प्रार्थना केली. आणि बुद्धी शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी ती प्रार्थना लॅटिन पद्यात रचून पाहिली. पद्य फारसे चांगले साधले नाही. परंतु ते चांगले साधले नाही हे आपणांस कळते आहे, यावरून त्याने आपली विवेकशक्ती जागेवर असल्याचा निष्कर्ष काढला! वाचा मात्र गेली होती. सकाळी त्याने चिठ्ठ्या लिहिल्या. लिहिताना हात भलतीच अक्षरे काढू पाही. हेबर्डन आणि ब्रॉकल्सबी हे नामांकित वैद्य आले व त्यांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे फोड आणणारी मलमे लाविली. थोड्या दिवसांत वाचा परतली आणि जॉन्सन त्यानंतर दीड वर्ष जगला. त्याचा झटका सौम्य होता हे खरे. परंतु आम्हांस त्या रात्रीचे महत्त्व वाटते ते वेगळ्या कारणासाठी. वैद्य येण्यापूर्वी अंधारात एकटा बसलेला तो वृद्ध मनुष्य, आपल्यात काय उरले आहे याची स्वतः मोजदाद करीत होता. काय गेले हे सगळे जग पाहते. काय उरले हे पाहणे हाच पुढील सर्व उपचारांचा आरंभ आहे.

त्याच्याही आधी, १७४५ साली, स्वीडनमधील ओलोफ दालिन याने एक विलक्षण हकीकत नोंदविली होती. झटक्याने उजवी बाजू आणि वाचा गमावलेला एक मनुष्य साधे वाक्य बोलू शकत नसे. पण प्रार्थनामंदिरात म्हणतात ती स्तोत्रे तो सुरात आणि स्पष्ट शब्दांत गाई. हे आम्ही वाचले तेव्हा चकित झालो नाही. आमच्या घरी संध्याकाळी आरती सुरू झाली की आमच्या वडिलांच्या तोंडून, ज्या तोंडून दिवसभर 'हं' याखेरीज अक्षर निघत नसे, आरतीची कडवीच्या कडवी बाहेर पडत. आम्ही त्यास देवाची कृपा म्हणत असू व तेथेच थांबत असू. बोलण्याची वाट बुजली तरी गाण्याची वाट मोकळी असू शकते, तर त्या वाटेने बोलण्याकडे जाता येईल काय, हा प्रश्न आम्हांस सुचला नाही. तो दालिनच्या काळीही कोणी तडीस नेला नाही. १९७३ च्या सुमारास बोस्टन येथील वाचातज्ज्ञांनी, सुरांच्या आधारे लहान लहान वाक्ये म्हणवून घेण्याची पद्धती बांधली तेव्हा त्या नोंदीस सव्वादोनशे वर्षे होऊन गेली होती.

मधल्या काळात काय झाले? शास्त्राची प्रगती झाली, आणि काही अंशी त्या प्रगतीनेच वाट अडविली. १८६१ साली पॅरिस येथे पॉल ब्रोका याने एका रोग्याचा मेंदू विद्वत्सभेपुढे ठेविला. हा रोगी अनेक वर्षे 'तां' या एकाच ध्वनीने सर्व काही सांगू पाहत असे. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, पुढील भागात, जखम आढळली. पुढे १८७४ मध्ये वेर्निके याने शब्दांचे आकलन करणारी जागा दाखविली. मेंदूचा नकाशा तयार होऊ लागला. प्रत्येक कार्याला जागा ठरलेली आणि प्रत्येक जागेला कार्य नेमून दिलेले. हा शोध थोर होता. पण त्यातून निघणारे अनुमान निराशेचे होते. जागा मेली की कार्य मेले, आणि मेंदूच्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. मज्जातंतूंच्या सूक्ष्म रचनेचा महान अभ्यासक रामोन इ काहाल याने १९१३-१४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात, प्रौढ माणसाच्या मेंदूतील मार्ग कायमचे ठरून गेलेले असतात, असा कठोर निर्णय दिला. या निर्णयाची कठोरता सौम्य करणे हे भावी शास्त्राचे काम आहे असेही त्याने तेथेच म्हटले होते. पण लोकांनी पूर्वार्ध तेवढा लक्षात ठेवला.

नकाशाने रोग्यांस असाध्य ठरविले तरी काही रोगी मात्र त्या नकाशाप्रमाणे वागत नव्हते. लुई पाश्चर यास १८६८ च्या ऑक्टोबरात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, झटका येऊन डावी बाजू लुळी पडली. आठवडा झाला न झाला तोच त्याने अंथरुणावरून रेशमी किड्यांच्या रोगावरील टिपण सांगून लिहविले. तीन महिन्यांत तो प्रवास करून त्या किड्यांच्या कामावर हजर झाला. डावा हात व पाय अखेरपर्यंत अधू राहिले. तरी पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस त्याने १८८५ साली, म्हणजे झटक्यानंतर सतरा वर्षांनी, त्या मुलास टोचविली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

प्रयोगाने पहिला धक्का दिला तो शेफर्ड आयव्हरी फ्रांझ याने. वॉशिंग्टन येथील वेड्यांच्या सरकारी इस्पितळात काम करीत असता त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९१५ साली दाखविले की, वर्षानुवर्षे लुळे पडलेले अवयवही पद्धतशीर सरावाने काही अंशी हालू लागतात. १९१७ मध्ये त्याने ऑग्डेन याच्यासह माकडांवर प्रयोग केले. मेंदूस इजा करून एक हात लुळा पाडल्यावर माकडास तसेच सोडून दिले तर ते चांगल्या हाताने सर्व भागवी आणि लुळा हात लुळाच राही. परंतु चांगला हात बांधून ठेवून लुळ्या हातास काम करावयास भाग पाडले की काही आठवड्यांत तो हात पुष्कळ सुधारे. आज जे उपचार नवे म्हणून नावाजले जातात त्यांचे बीज या प्रयोगात आहे. तरीही त्याकडे सुमारे अर्धशतक कोणी फारसे पाहिले नाही. म्हाताऱ्या, गरीब, वाचाहीन माणसांसाठी इतका खटाटोप कोणी करावा?

तो खटाटोप करावयास लावले ते महायुद्धांनी. डोक्यात गोळी लागलेला पंचविशीतील सैनिक हा म्हातारा नव्हे. त्यास आयुष्यभर अंथरुणावर ठेवणे राष्ट्रास परवडणारे नव्हते. पहिल्या महायुद्धात फ्रँकफर्ट येथे कुर्ट गोल्डश्टाइन याने व दुसऱ्या महायुद्धात उरल पर्वताच्या प्रदेशात अलेक्सांद्र लुरिया याने अशा जखमी सैनिकांस पुन्हा बोलावयास, लिहावयास, हिशेब करावयास शिकविण्याच्या संस्था चालविल्या. लुरियाचा सिद्धान्त आम्हांस फार मननीय वाटतो. मेलेला भाग जिवंत होत नाही. परंतु लिहिणे हे एकाच जागेचे काम नसून अनेक जागांचे सहकार्य असते, तेव्हा गेलेला दुवा वगळून तेच कार्य वेगळ्या रचनेने पुन्हा बांधिता येते. एकत्र कुटुंबातील कर्ता पुरुष अकस्मात जावा आणि जमीनजुमल्याचा व्यवहार कधी न पाहिलेल्या विधवेने तो सांभाळावयास शिकावे, तसे हे आहे. मात्र तिच्यावर ती वेळ यावी लागते. दीराने येऊन सगळे कागद आपल्या हाती घेतले तर ती कधीच शिकत नाही.

सैनिकांसाठी निघालेली ही वाट वृद्धांपर्यंत आणून पोचविण्याचे श्रेय एका इंग्रज स्त्रीस आहे. १९३५ साली लंडनजवळील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारचा अनाथ-दुर्बलांचा दवाखाना ताब्यात घेतला. तेथे ७१४ खाटा होत्या. त्यांवरील लोकांची व्यवस्था डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे आली. कित्येक रोगी वर्षानुवर्षे अंथरुणावर होते, आणि ते का अंथरुणावर आहेत याची नोंदही धड नव्हती. खोल्या अंधाऱ्या, भिंती कळकट. रोग्यांनी उठून बसावे असे तेथे काही नव्हते. वॉरेनबाईंनी एकेका रोग्यास तपासले, त्यांचे वर्ग पाडले, भिंती उजळविल्या, चांगला प्रकाश आणविला, धरावयास कठडे बसविले, योग्य उंचीच्या खुर्च्या मिळविल्या, आणि अर्धांगवायूच्या रोग्यांस खाटेवरून उतरविले. अनेक जण चालू लागले. काही घरी गेले. या कामात अद्भुत असे काही नव्हते. नवे औषध नव्हते, यंत्र नव्हते. जो म्हातारा 'आता असाच राहावयाचा' म्हणून ठरवून टाकिला होता त्याच्याविषयी ते ठरविणे त्यांनी नाकारले, एवढेच.

त्याच सुमारास अंथरुणाच्याच विरुद्ध ओरड सुरू झाली. १९४४ साली अमेरिकेत विल्यम डॉक याने आणि १९४७ साली इंग्लंडात रिचर्ड अॅशर याने, सक्तीच्या विश्रांतीने फुप्फुसे, रक्तवाहिन्या, हाडे, स्नायू, त्वचा आणि मन यांची कशी हानी होते हे क्रमाने मांडिले. अॅशरचा निबंध तर वाङ्मय म्हणूनही वाचनीय आहे. आमच्या वडिलांच्या उशाशी 'संपूर्ण विश्रांती'ची आज्ञा दिली गेली तेव्हा त्या निबंधास चव्वेचाळीस वर्षे झाली होती. ज्ञान एका ठिकाणी जन्मते आणि त्याची गरज दुसऱ्या ठिकाणी असते. मधला रस्ता किती लांब असतो याचे हे एक माप समजावे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अनेक संप्रदाय उदयास आले. बर्लिनहून नाझींच्या छळामुळे लंडनला आलेल्या बेर्टा बोबाथ व त्यांचे पती डॉ. कारेल यांचे मत असे की, लुळ्या अंगात जी ताठर, चुकीची हालचाल उद्भवते ती आवरून धरावी व नैसर्गिक हालचालीचा अनुभव द्यावा. मूळच्या स्वीडिश पण अमेरिकेत कार्य केलेल्या सिग्ने ब्रुन्स्ट्रोम यांचे म्हणणे नेमके उलट. ती ताठर हालचाल हीच परतीच्या वाटेवरील पहिली पायरी असून आरंभी तिचाच उपयोग करावा, असे त्या म्हणत. दोघींचे ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाले. शिष्यांनी आपापल्या गुरूंचा पक्ष इतक्या हिरिरीने लढविला की आपल्याकडील द्वैत-अद्वैताच्या वादाची आठवण व्हावी. पुढे जगभरच्या अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पडताळून पाहता, २०१४ पर्यंत एवढे स्पष्ट झाले की व्यायामोपचाराने निश्चित लाभ होतो. पण अमुक एक संप्रदाय इतरांहून श्रेष्ठ असे सिद्ध होत नाही. ज्या कामासाठी हात हवा तेच काम, पुष्कळ वेळा, लक्ष देऊन करणे हे मर्म ठरले.

या इतिहासातील जी कथा आम्हांस सर्वांत जवळची वाटते ती एका प्राध्यापकाचीच आहे. पेद्रो बाख-इ-रीता हे मूळचे कॅटलन कवी. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात अध्यापन करीत. साठी उलटल्यावर, १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, त्यांस जबर झटका आला. अर्धे अंग व वाचा गेली. थोडे आठवडे उपचार करून तज्ज्ञांनी हात टेकले. त्यांचा धाकटा मुलगा जॉर्ज मेक्सिकोत वैद्यकाचा विद्यार्थी होता. तो वडिलांस आपल्याकडे घेऊन गेला. त्यास या विषयातले काही येत नव्हते हेच बरे झाले. मूल चालावयास कसे शिकते एवढे त्याने पाहिले होते. म्हणून त्याने वडिलांस प्रथम रांगावयास लाविले, लुळा खांदा भिंतीस टेकवून. मग जमिनीवर बसून गोट्या खेळावयाच्या आणि लुळ्या हाताने त्या उचलावयाच्या. मग स्वयंपाकघरातील भांडी त्या हाताने गोल गोल घासावयाची, पाव तास एका दिशेने व पाव तास दुसऱ्या. म्हाताऱ्या प्राध्यापकास अंगणात जनावरासारखे रांगावयास लावतो म्हणून शेजाऱ्यांनी त्या मुलास नावे ठेविली. सुमारे वर्षभराने पेद्रो पुन्हा कॉलेजात शिकवू लागले. १९६५ साली कोलंबियातील डोंगरात चढण चढत असता हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. शवचिकित्सेत दिसले ते थक्क करणारे होते. मेंदूच्या बुंध्याशी झालेली ती प्रचंड जखम सात वर्षांपूर्वी झाली असेल तशीच होती. जखम भरलीच नव्हती. तिला वळसा घालून काम चालले होते. दुसरा मुलगा पॉल हा स्वतः मेंदूचा शास्त्रज्ञ. त्याने ती हकीकत १९८० मध्ये प्रसिद्ध केली, आणि प्रौढ मेंदू घडविता येतो या मताचा पुढे आयुष्यभर पुरस्कार केला.

शेजाऱ्यांची ती निंदा आम्ही वाचली तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ बसलो. आमच्या घरी कोणी वडिलांस रांगावयास लाविले असते तर निंदा करणाऱ्यांत आम्ही अग्रभागी असतो.

पुढची वाटचाल शास्त्रशुद्ध चाचण्यांची आहे. एडवर्ड टॉब याने माकडांवरील प्रयोगांतून असे मत मांडले की लुळा अवयव पुष्कळदा असमर्थतेमुळे जितका, तितकाच न वापरण्याच्या अंगवळणी पडलेल्या सवयीमुळे निकामी राहतो. आरंभी प्रयत्न फसतो, म्हणून प्रयत्न सुटतो. पुढे शक्ती थोडी परतली तरी प्रयत्न परतत नाही. या प्रयोगांतील माकडांच्या हालांवरून १९८१ साली अमेरिकेत मोठा गहजब होऊन खटला झाला, हेही येथे नमूद केले पाहिजे. ज्ञानाची किंमत कोणी भरली हे विसरू नये. १९९६ मध्ये रँडॉल्फ नूडो व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की सरावाने माकडाच्या मेंदूतील हाताचा प्रदेश टिकून राहतो; सराव नसेल तर जखमेच्या शेजारचा धड भागही हाताच्या ताब्यातून जातो. मग २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, झटक्यास तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रोग्यांपैकी एका गटाच्या चांगल्या हातावर जागेपणीचा बहुतेक सर्व वेळ जाड मोजा चढवून, दोन आठवडे लुळ्या हाताकडून कसून काम करवून घेतले. त्याचा लाभ वर्षानंतरही टिकला. फ्रांझच्या माकडांस बांधलेली ती पट्टी एकोणनव्वद वर्षांनी माणसाच्या हातावर आली. मात्र ज्यांचे मनगट व बोटे थोडी तरी हालत होती अशांचीच या उपचारासाठी निवड झाली होती, ही मर्यादा वाचकांनी ध्यानात घ्यावी.

येथवर वाचून कोणी असा समज करून घेईल की, श्रमाचा अतिरेक करावा म्हणजे झाले. तसे नाही. २०१५ साली पाच देशांतील २१०४ रोग्यांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत उठवून वारंवार आणि अधिक वेळ चालवावयाचा प्रयत्न केलेल्या गटाची स्थिती तीन महिन्यांनी, नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांपेक्षा थोडी वाईटच निघाली. अंथरुणास खिळवून ठेवणे जसे घातक, तसे जखम ओली असता दामटणेही घातक. आणि सर्वांच्या आधी, झटका येताच काही तासांच्या आत रोगी सुसज्ज रुग्णालयात पोचणे हे पहिले कर्तव्य. कारण १९९५ नंतर गुठळी विरघळविणारे औषध उपलब्ध झाले असून ते पहिल्या काही तासांतच उपयोगी पडते. नॉर्वेतील ट्रोंडहाइम येथे २२० रोग्यांवर केलेल्या व १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने असेही दाखविले की, वैद्य, परिचारिका, व्यायामोपचारक आणि वाचोपचारक एकत्र काम करतात अशा स्वतंत्र कक्षातील रोगी, सामान्य कक्षातील रोग्यांपेक्षा अधिक संख्येने जगतात व घरी परततात.

आता आपल्या देशाकडे वळू. या बाबतीत मुंबईचा मान मोठा आहे. जन्माने अमेरिकन पण विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, रोग्यास दैनंदिन कामांच्या द्वारे सुधारण्याची विद्या शिकविणारी देशातील पहिली शाळा काढली. थोड्याच वर्षांत, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर, त्याच रुग्णालयात व्यायामोपचाराची शाळा निघाली. आणि १९५५ मध्ये हाजीअली येथे अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. आमच्या घरी आलेल्या बाई याच परंपरेच्या. परंतु अशी शिकलेली माणसे शहरांत एकवटली आहेत आणि रोगी मात्र गावोगाव आहेत.

तेव्हा घरच्याच माणसांस शिकवून हे काम करून घेता येईल काय, हा विचार आपल्या देशात स्वाभाविक होता. एकत्र कुटुंब, सेवेची परंपरा, हाताशी माणसे: यांहून अनुकूल भूमी कोणती? भारतातील चौदा रुग्णालयांत १२५० रोग्यांवर याची पद्धतशीर चाचणी घेण्यात आली व तिचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. घरच्यांस शिकविलेल्या गटात आणि न शिकविलेल्या गटात सहा महिन्यांनी काही फरक आढळला नाही. दोहोंत शेकडा ४७ रोगी मृत किंवा परावलंबी होते. हा निकाल वाचून आम्हांस प्रथम खेद झाला. मग वाटले, यात प्रेमाचा पराभव नाही. पण केवळ प्रेमास थोडीशी शिकवण जोडली म्हणजे ते विद्येची जागा घेईल, या आमच्या सोयीस्कर समजुतीचा पराभव आहे. कुशल माणसे गावांत पोचविण्याचा खर्च टाळण्यासाठी सुनेच्या आणि लेकीच्या माथी आणखी एक काम मारावे, हा मार्ग निदान त्या रूपात तरी फलदायी ठरला नाही. समाजाने करावयाची गोष्ट कुटुंबावर ढकलून चालत नाही.

मग कुटुंबाने करावे तरी काय? या इतिहासातून आम्ही शिकलो ते थोडके आहे. लुळ्या हातास धरून रोग्यास ओढू नये. धडास आधार द्यावा. वाट पाहावी. घास भरविण्यापूर्वी हात पुढे येतो का ते पाहावे, शब्द पुरविण्यापूर्वी तो उमटतो का ते ऐकावे. हे सांगावयास सोपे आणि पाळावयास फार कठीण आहे. कारण आपल्या संस्कारांत सेवा म्हणजे दुसऱ्याचे श्रम आपण घेणे.

त्या बाईंनी दुसऱ्या खेपेस एक ताट मागविले आणि त्यात भुईमुगाच्या मूठभर शेंगा ओतल्या. वडिलांस खुर्चीवर बसवून, उजवा कोपर मेजावर टेकवून, त्यांनी एक शेंग त्यांच्या बोटांत दिली आणि फोडावयास सांगितले. शेंग निसटली. पुन्हा दिली, पुन्हा निसटली. वडिलांच्या कपाळावर घाम आला. मातोश्रींनी न राहवून हात पुढे केला; बाईंनी नुसते त्यांच्याकडे पाहिले, आणि त्यांनी तो पदराखाली घेतला. आम्ही घड्याळाकडे पाहत होतो. अकरा मिनिटांनी टरफल फुटल्याचा बारीकसा आवाज झाला. दोन दाणे ताटात पडले. वडिलांनी ते उचलले नाहीत. नुसते पाहत राहिले.

ते पूर्ण बरे झाले नाहीत. तो हात पुन्हा फळ्यावर अक्षर काढू शकला नाही आणि वाचाही आली ती अडखळती. परंतु पुढील चौदा वर्षे ते काठी टेकीत मारुतीच्या देवळापर्यंत स्वतः जात, सदऱ्याची गुंडी स्वतः लावीत, आणि आपला चहाचा पेला आपल्या हाताने उचलीत. पहिले चार महिने आमच्या सेवेत गेले नसते तर आणखी किती परत आले असते, हे आता कोणी सांगू शकत नाही. सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या काही महिन्यांतच पदरात पडतो, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. ज्यांच्या घरी हा प्रसंग उद्या येईल त्यांस ते ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.